रुपरावच्या छातीखालचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. खिडकीवरचा नाही आणि नाटकातलाही नाही. मी मांसाचा आहे. नागपूरच्या जरीपटक्यात रुपराव नावाचा एक ट्रम्पेटवाला राहतो. त्याच्या छातीच्या तळाशी आणि पोटाच्या डोक्यावर मी आडवा ताणलेला असतो. शाळेच्या पुस्तकात मला श्वासपटल म्हणतात. श्वसनसंस्थेच्या आकृतीत मी अगदी खाली असतो, एक वाकडी रेघ म्हणून. बाई फळ्यावर गुलाबी खडूनं फुफ्फुसं काढतात, श्वासनलिकेला सुबक कड्या काढतात आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर तास संपतो. परीक्षेत मी रिकाम्या जागा भरा या प्रश्नात येतो, एका गुणाला. मित्रांनो, मला याचा राग आहे आणि तो मी झाकून ठेवणार नाही.

आधी माझं काम ऐका. फुफ्फुसांचं नाव मोठं, पण त्यांना स्वतःहून फुगता येत नाही. ती बिचारी बरगड्यांच्या पिंजऱ्यात नुसती बसून असतात. मी निवांत असतो तेव्हा घुमटासारखा वर उचललेला असतो. मानेतून येणाऱ्या मज्जातंतूनं इशारा दिला की मी आखडतो, सपाट होतो आणि खाली सरकतो. बरगड्यांमधले स्नायू त्याच वेळी पिंजरा वर आणि बाहेर उचलतात. छातीत जागा वाढते आणि बाहेरची हवा आपणहून आत येते. याला तुम्ही श्वास घेणं म्हणता. मग मी सैल पडतो, पुन्हा घुमट होतो आणि हवा बाहेर जाते. तुम्ही झोपता तेव्हाही मी हेच करत असतो. हृदयाच्या नावानं लोकांनी किती गाणी रचली, माझ्या नावानं कोणी एक ओळ लिहिली नाही. विश्वास बसत नसेल तर पोटावर हात ठेवून पाहा. हात वर उचलला गेला की समजा, मी खाली उतरलो.

मला कान नाहीत, हे खरं. पण रुपराव जे ऐकतो ते माझ्यापर्यंत येतंच. त्याला कोणी टाकून बोललं की आधी मी आखडतो. हसतो तो, पण हलतो मी. हुंदके तर सगळे माझेच. त्यामुळे या माणसाचं मला जेवढं ठाऊक आहे, तेवढं त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही.

माझा जन्म रुपरावच्या जन्माच्या पुष्कळ आधीचा. तो त्याच्या आईच्या, म्हणजे प्रयागबाईच्या पोटात होता, तेव्हा चार बाजूंनी पातळ पापुद्रे वाढत आले, मधोमध एकमेकांना भेटले आणि मी तयार झालो. तिथे हवा नव्हती, सगळं पाणीच. तरी मी खाली-वर करण्याचा सराव सोडला नाही. मग रुपराव बाहेर आला, दाईनं त्याची पाठ चोळली आणि मी जीव खाऊन खाली ओढ घेतली. पोरानं असा टाहो फोडला की बाहेर बसलेल्या बाया हसायला लागल्या. आवाज दणदणीत आहे म्हणाल्या. तो आवाज कोणी काढला हे कोणी विचारलं नाही. तेव्हापासून हीच रीत चालू आहे.

माझे सोबती मात्र कामाचे आहेत, ते सांगितलंच पाहिजे. जरीपटक्याच्या बाजारातली हवा म्हणजे धूळ, तळणाचा वास आणि ऑटोचा धूर. ती आधी नाकात शिरते. नाकातले केस जाडी धूळ अडवतात, चिकट शेंबूड बारीक धूळ धरून ठेवतो आणि हवा कोमट, ओलसर होऊन पुढे जाते. शेंबडाला तुम्ही नाकं मुरडता. तो नसता तर तुमची काय अवस्था झाली असती ते मला विचारा. पुढे घशात दोन वाटा फुटतात, पुढची श्वासनलिका आणि मागची अन्ननलिका. घास गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावर एक झाकण पडतं. जेवताना बडबड केली की त्या झाकणाची धांदल उडते आणि तुम्हाला ठसका लागतो. झाकणाखाली स्वरयंत्र, त्याखाली श्वासनलिका. तिच्यात कूर्चेच्या अर्ध्या-मुर्ध्या कड्या आहेत, म्हणून ती चेपत नाही. तिच्या दोन फांद्या दोन फुफ्फुसांत जातात. उजव्या फुफ्फुसाला तीन कप्पे आणि डाव्याला दोनच, कारण त्या बाजूला हृदय ऐसपैस बसलं आहे आणि त्याला कोण सरक म्हणणार! फांद्यांना बारीक फांद्या फुटत जातात आणि अगदी टोकाला लहान-लहान फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांच्या भिंतींवर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं. तिथे प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड रक्तातून बाहेर येतो. आमचा सगळा खटाटोप या एका देवघेवीसाठी आहे.

उचकीबद्दलही एकदा स्पष्टच बोलतो. रुपरावला लहानपणी उचकी लागली की प्रयागबाई म्हणायची, कोणीतरी आठवण काढून राहिलं. मग एकेका नातेवाइकाचं नाव घ्यायचं. ज्याच्या नावाला उचकी थांबेल, त्यानं आठवण काढली. बहुतेक वेळा खाप्याच्या मामाच्या नावाला ती थांबायची. मित्रांनो, मामा खाप्याला आपल्या कामात गढलेला असायचा, त्याला भाचा वर्षातून एकदा आठवला तरी पुष्कळ. उचकी माझी असते. मी अवचित आखडतो, वर स्वरयंत्र फटकन मिटतं आणि तो आवाज होतो. माझ्या चांगल्या कामाचं श्रेय दुसरे नेतात ते नेतातच, माझ्या चुकीचं श्रेयसुद्धा मामा घेऊन गेला.

रुपराव शाळेत जायला लागला त्या पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या कप्प्यात जंतू शिरले आणि तिथले वायुकोश हवेऐवजी पुवानं आणि पाण्यानं भरले. मी कितीही जोर लावला तरी तिथे हवा जाईना. पोर तापानं फणफणलं होतं, भराभर धापा टाकत होतं आणि प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. प्रयागबाईनं तो खड्डा पाहिला आणि शेजारणीचा काढा तसाच चुलीवर सोडून पोराला उचलून दवाखान्यात नेलं. औषध वेळेवर मिळालं म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे. तुमच्या घरी एखादं लहान मूल असे भराभर श्वास घेताना दिसलं तर मोठ्यांना लगेच सांगा, सकाळची वाट पाहू नका.

पुढे प्रयागबाईलाच क्षय झाला. खोकला दोन आठवडे उलटले तरी हटेना, संध्याकाळी ताप चढे, अंगावरचं लुगडं सैल व्हायला लागलं. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. हा आजार वायुकोशांच्या भिंतीच पोखरतो, पण औषधं पूर्ण घेतली तर तो बरा होतो. प्रयागबाईनं ती पूर्ण घेतली, मध्ये एकदाही खाडा केला नाही, आणि ती खडखडीत बरी झाली. आजार तिच्या छातीतून गेला. वस्तीच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. शेजारच्या घरी तिच्यासाठी वेगळा कप ठेवलेला होता, मोरीच्या कडेला, उपडा. ती बरी झाल्यावरसुद्धा चहा त्याच कपात आला. रुपराव तिच्या शेजारी बसला होता. त्यानं तो कप पाहिला, आईचा चेहरा पाहिला आणि माझ्यात असा पीळ पडला की त्याला कितीतरी वेळ धड श्वास घेता येईना. छातीचं दुखणं लोकांना कळू द्यायचं नाही, असं त्या पोरानं तेव्हाच मनाशी पक्कं केलं. त्या कपाचा मला अजूनही संताप आहे. त्यानं पुढे माझा फार घात केला.

मिसरूड फुटायच्या सुमारास रुपराव भैयाजींच्या बँड पार्टीत शिरला. भैयाजी म्हणजे बँडमास्तर, मालक आणि गुरू, सगळं एकच. त्यांनी त्याच्या हातात ट्रम्पेट दिलं. रुपरावनं गाल फुगवून फुंकलं आणि बकरं ओरडावं तसा आवाज निघाला. भैयाजींनी त्याच्या पोटावर दोन बोटं टेकवून सांगितलं, "गालानं नोको फुंकू गा. इथून फुंक." मित्रांनो, माझ्या आयुष्यात कोणीतरी पहिल्यांदाच माझी दखल घेतली होती. नाव घेतलं नाही, पण बोट बरोबर माझ्यावर ठेवलं. मी त्या माणसासाठी वाटेल ते करायला तयार झालो.

हवा आत ओढणं सोपं असतं. ती हळूहळू, कुठेही धक्का न बसू देता सोडणं कठीण असतं. मी एकदम सैल पडलो तर सूर भसकन संपतो. म्हणून मी ताण धरून ठेवायला शिकलो आणि कणाकणानं वर यायला लागलो. काही वर्षांत रुपरावचा लांब सूर साऱ्या उत्तर नागपुरात ओळखला जाऊ लागला. नवरदेव मांडवाच्या दारात आला की बाकीचा बँड थांबायचा आणि एकटा रुपराव तो सूर धरायचा. एप्रिलमध्ये जयंतीला वस्तीच्या विहारासमोर मानवंदना द्यायची तेव्हाही पहिला सूर त्याचाच असे. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, निळे झेंडे, आणि सगळीकडे शांतता. लोक म्हणत, काय ओठ आहेत, काय बोटं आहेत! मी घाम गाळून मरत होतो आणि टाळ्या बोटांना मिळत होत्या. पण खरं सांगतो, त्या दिवसांत मला त्याचंही काही वाटत नसे, कारण मला काम होतं.

मग छातीत शिट्टी वाजायला लागली. वरातीत पुढे फटाक्यांचा धूर, मागे जनरेटरचा धूर, टेम्पोत भैयाजींच्या बिडीचा धूर आणि वर थंडीतली लग्नं. रुपरावच्या बारीक श्वासनळ्या आधीपासून हळव्या होत्या, त्या या सगळ्याला चिडल्या. चिडल्या की त्यांचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट बेडका वाट अडवतो. याला दमा म्हणतात. लोकांना वाटतं की दम्यात हवा आत जात नाही. खरी अडचण ती बाहेर काढण्याची असते. अडकलेली हवा मला वरून दाबून धरते. मी सपाट पडून राहतो, मला घुमट होताच येत नाही. जो वर आलाच नाही, तो पुन्हा खाली जाणार कुठे?

रुपराव गुपचूप एकटाच छातीच्या डॉक्टरांकडे गेला. एक्स-रे काढला, थुंकी तपासली, नळीत फुंकायला लावलं. टीबी नव्हता, दमा निघाला. डॉक्टरांनी त्याला पावडर भरलेल्या कॅप्सूल दिल्या आणि एक छोटं यंत्र दिलं. कॅप्सूल यंत्रात घालायची, तिला भोक पाडायचं आणि यंत्र तोंडाला लावून पावडर जोरात आत ओढायची. असं रोज सकाळ-संध्याकाळ, आणि वाजवण्याआधीही. डॉक्टरांनी समोर करून दाखवलं. रुपरावनं मान डोलावली, पण त्याचं लक्ष त्या यंत्राच्या खडखड आवाजाकडे होतं. हा आवाज घरात सगळ्यांना ऐकू जाईल, बँडमध्ये तर विचारूच नका, एवढंच त्याच्या मनात फिरत होतं.

घरी येऊन त्यानं यंत्र लपवलं. आणि कॅप्सूल? कॅप्सूल ती कॅप्सूल, असा त्यानं विचार केला. पोटातून रक्तात जाईल, रक्तातून छातीत जाईल. बायकोला, वंदनाला, त्यानं सांगितलं की या ताकदीच्या गोळ्या आहेत. मग तो रोज सकाळ-संध्याकाळ एक कॅप्सूल पाण्यासोबत गिळू लागला.

मित्रांनो, माझी काय दशा झाली असेल याचा विचार करा. अन्ननलिका पोटात जाते ती माझ्यातल्या एका भोकातून जाते. म्हणजे माझं औषध रोज माझ्याच अंगातून, माझ्या डोळ्यांदेखत म्हणायला हवं, खाली चाललं होतं आणि वरच्या सुजलेल्या नळ्यांना त्याचा कणसुद्धा मिळत नव्हता. ते औषध ओढून आणायचं काम माझं होतं! मी ओढ घेतल्याशिवाय ते कुठेच पोचू शकत नव्हतं. मी उचक्या देऊन पाहिल्या. रुपराव हसला आणि बायकोला म्हणाला, मामा आठवण काढून राहिला. मामाला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

डॉक्टरांकडे पुन्हा गेला तेव्हा त्यांनी विचारलं, औषध रोज घेता का? रुपरावनं छातीवर हात ठेवून हो सांगितलं आणि ते अगदी खरं होतं. डॉक्टर बुचकळ्यात पडले.

व्हायचं ते सीताबर्डीत झालं. व्हरायटी चौकाजवळून वरात चालली होती. नवरदेवाच्या मित्रांनी फटाक्यांची भली मोठी लड बँडच्या पायाशी लावली आणि धुराचा लोट सरळ रुपरावच्या तोंडावर आला. नेमकं त्याच वेळी भैयाजींनी लांब सुरासाठी हात वर केला. रुपरावनं सूर धरला. मी जेमतेम ताण सांभाळला तोच नळ्या आवळल्या आणि सूर मध्येच फाटून खोकल्यात गेला. पोरं खो-खो हसली, काहींनी मोबाइल वर काढले. भैयाजींनी ट्रम्पेट त्याच्या हातून घेऊन मागच्या रांगेतल्या सुशीलला दिलं आणि रुपरावच्या हातात खुळखुळा ठेवला. "इज्जत चालली गा आपली," ते म्हणाले. "तू आता हे हालव."

खुळखुळ्याला श्वास लागत नाही. तो कोणीही हलवतं, ज्याला काहीच येत नाही त्याला तो देतात. रुपराव मंगल कार्यालयापर्यंत खुळखुळा हलवत चालत गेला. दम्यानं मी सपाट पडलो होतो, पण त्याहून जास्त मी अपमानानं चेपलो होतो. त्या सबंध लग्नसराईत त्याच्याकडे खुळखुळाच राहिला. भैयाजींनी सांगून टाकलं की जयंतीलासुद्धा पहिला सूर सुशील लावेल.

वंदनाला ते यंत्र सापडलं ते बँडचा कोट धुवायला काढताना, आतल्या खिशात. वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. तिनं आरडाओरडा केला नाही. यंत्र पिशवीत टाकलं, कॅप्सूलचा डबा टाकला आणि रुपरावला घेऊन दवाखाना गाठला. तिथे सोनिका नावाची एक तरुण मुलगी रुग्णांना श्वासाचे व्यायाम आणि औषध घ्यायची पद्धत शिकवत होती. ती म्हणाली, काका, औषध कसं घेता ते मला करून दाखवा. रुपरावनं डब्यातून कॅप्सूल काढली, तळहातावर ठेवली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"जरा पाणी देता का, मॅडम?"

वंदनानं पिशवीतून यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "हे तं पॅकच आहे," ती म्हणाली. "यायनं कधी फोडलंच नाही." मग तिनं नवऱ्याकडे वळून काहून असं केलं म्हणून विचारलं.

रुपराव खाली पाहत बोलला. "हे तोंडाले लावलं का लोक म्हणतीन, याले छातीची बिमारी आहे. मायचा कप वेगळा ठेवला होता लोकायनं. म्या पाहला आहे."

सोनिका हसली नाही, रागावलीही नाही. ती म्हणाली, "काका, औषध तुम्ही रोज घेतलं. पण जिथे सूज आहे तिथे ते एकदाही पोचलं नाही." मग तिनं एक कॅप्सूल उघडून आतली चिमूटभर पांढरी पावडर कागदावर पाडून दाखवली. दमा एकाचा दुसऱ्याला होत नाही, हेही तिनं समजावलं. आणि टीबीसुद्धा, ज्याला होतो त्याचा कप वेगळा ठेवून जात नाही, औषधानं जातो, असं ती म्हणाली तेव्हा मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पाय कुठून आणणार म्हणा.

मग पहिल्यांदा नीट काम झालं. आधी सगळी हवा बाहेर सोडायला लावली, तेव्हा मी जमेल तेवढा वर आलो. यंत्र ओठांत धरलं. ओढा, सोनिका म्हणाली, आणि मी सगळी ताकद लावून खाली उतरलो. आत कॅप्सूल खडखडली, पावडर घशातून, श्वासनलिकेतून, फांद्याफांद्यांतून आत गेली. मग श्वास रोखून धरायचा आणि हळूच सोडायचा. शेवटी चूळ भरायची, म्हणजे घशात औषध चिकटून राहत नाही. थोड्या वेळात वाटा जराशा सैल झाल्या. सूज उतरायला मात्र पुष्कळ आठवडे लागले. जादू वगैरे काही झाली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ खडखड होत राहिली आणि मी रोज थोडा जास्त वर येऊ लागलो. रुपराव घरी पडून असलेलं आपलं जुनं ट्रम्पेट काढून दुपारी दार उघडं ठेवून सराव करू लागला. सुरुवातीला दारातून आत डोकावणारी माणसं काही दिवसांनी डोकावेनाशी झाली.

जयंतीच्या सकाळी बँड विहारासमोर उभा राहिला. ऊन आत्तापासूनच तापलं होतं. प्रयागबाई पांढरं लुगडं नेसून विहाराच्या पायरीवर बायांमध्ये बसली होती. रुपराव खुळखुळा न घेता ट्रम्पेट घेऊन आला, तेव्हा भैयाजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. सुशील ट्रम्पेट छातीशी धरून पहिल्या रांगेत तयार उभा होता. रुपराव त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला. म्हणाला, पहिला सूर मी लावतो. आणि त्यानं खिशातून यंत्र काढलं.

मी तेव्हा चिकार घाबरलो होतो, हे कबूल करतो. समोर सगळी वस्ती होती. ज्या घरातला कप मोरीजवळ उपडा असायचा, त्या घरातली माणसंही होती.

भैयाजी जवळ आले आणि हळू आवाजात बोलले, "तिकडं आडोशाले जाऊन घे गा. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या," रुपराव म्हणाला. त्याचा आवाज हळू नव्हता. "तुमी चष्मा लावाले आडोशाले जाता का, भैयाजी?"

भैयाजींचा हात आपसूक चष्म्याकडे गेला. रुपरावनं सगळी हवा बाहेर सोडली, यंत्र तोंडाला लावलं आणि मी खाली उतरलो. खडखड आवाज साऱ्या शांततेत ऐकू गेला. पायरीवरच्या एका बाईनं प्रयागबाईच्या कानाशी लागून विचारलं, तुया पोराले काय झालं वं? प्रयागबाईनं तिच्या कानाशी लागून उत्तर दिलं नाही. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"दमा आहे त्याले. औषध घेऊन राहिला. आता आयक."

छातीच्या आजाराचा असा शब्द त्या घरानं इतकी वर्षं चारचौघांत तोंडातून काढला नव्हता. रुपरावनं ऐकला आणि माझा जुना पीळ सुटला, असं मी म्हणणार नाही, पण मला हलायला जागा मिळाली. सुशीलनं भैयाजींकडे पाहिलं, भैयाजींचा हात अजून चष्म्यावरच होता, तेव्हा तो एक पाऊल बाजूला सरकला. रुपरावनं चूळ भरली, ओठ पुसले, थोडा थांबला आणि ट्रम्पेट उचललं.

मी तळापर्यंत उतरलो. बरगड्या उघडल्या, हवा शेवटच्या वायुकोशापर्यंत भरली आणि मग मी ताण धरून कणाकणानं वर यायला लागलो. सूर निघाला. तो पूर्वीइतका लांब नव्हता, खोटं कशाला बोलू. रुपरावचं वय झालंय, माझंही झालंय. पण तो खोकल्यानं फाटला नाही आणि कोणी आमच्या हातून काढून घेतला नाही. तो कुठे थांबवायचा हे आम्ही दोघांनी ठरवलं, तिथे तो थांबवला, श्वास घेतला आणि पुढची ओळ धरली. मागून ढोल सुरू झाला आणि मिरवणूक निघाली.

मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. खोकला हटत नसेल तर तपासून घ्या. दिलेलं औषध कसं घ्यायचं ते देणाऱ्याला पुन्हा करून दाखवा आणि बरोबर आहे का विचारा, त्यात कमीपणा नाही. तुमच्यासमोर कोणी बिडी पेटवली तर तोंड उघडा, गप्प बसून तो धूर माझ्या भाऊबंदांच्या माथी मारू नका. तुमच्या वर्गात एखादी मुलगी असं औषध ओढायचं यंत्र, म्हणजे पंप, घेत असेल तर तिच्याकडे टक लावून पाहू नका. आणि तुम्हाला स्वतःला तो लागत असेल तर वर्गात, मैदानावर, लग्नाच्या पंगतीत, जिथे लागेल तिथे काढा आणि सगळ्यांसमोर ओढा. कोणी हसलं तर हसू द्या. जो हसतो आहे, त्याचं हसूसुद्धा माझ्यासारखाच एक पडदा हलवतो आहे, आणि त्या बिचाऱ्याला ते ठाऊकही नाही.